शिवार आणि जुना नकाशा : वाचकांचे प्रश्न

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे जुन्या नकाशांविषयी होती. कोणाला पेटीत घडी घातलेली टोपोशीट, म्हणजे सर्वेक्षण विभागाचा स्थलनिर्देशक नकाशा, सापडली आहे, कोणाच्या हाती मोजणी कार्यालयातील टिपणाची, म्हणजे शेताच्या मोजणीच्या कच्च्या आकृतीची, नक्कल आली आहे, तर कोणाला पाण्याखाली गेलेले गाव कागदावर तरी पाहायचे आहे. त्यातील पाच प्रश्न निवडून येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आजोबांच्या कागदपत्रांत एक इंच म्हणजे एक मैल प्रमाणाचा जुना रंगीत नकाशा मिळाला. कोपऱ्यात 47 जे/12 असे लिहिले आहे. आमचे गाव, ओढा, देऊळ, इतकेच काय पण गावाबाहेरची विहीरसुद्धा त्यात आहे. मात्र आमचे शेत किंवा एकाही शेताचा बांध दाखवलेला नाही. नकाशा अपुरा आहे काय? — एक वाचक, बारामती तालुका

नकाशा अपुरा नाही. तो ज्या कामासाठी केला गेला, त्या कामात तुमच्या बांधाची गरजच नव्हती. तुमच्या हाती आहे तो भारतीय सर्वेक्षण विभागाचा स्थलनिर्देशक नकाशा. या विभागाची सुरुवात 1767 साली झाली आणि सैन्याच्या हालचाली, रस्ते, कालवे, रेल्वेमार्ग यांसाठी जमिनीचा चढउतार, पाणी आणि वस्ती यांची खात्रीशीर माहिती गोळा करणे हे त्याचे मुख्य काम राहिले. जमीन कोणाची, तिचा सारा किती, हा प्रश्न महसूल खात्याचा होता. त्यासाठी वेगळी मोजणी झाली, वेगळी माणसे राबली आणि वेगळे नकाशे तयार झाले. एकाच शिवारातून दोन्ही मोजण्या गेल्या, पण त्यांचे कागद एका दप्तरात कधीच आले नाहीत, आणि आज जी गफलत होते तिचे मूळ बहुधा येथेच असते.

बांध न दाखवण्यामागे साधे गणितही आहे. एक इंचास एक मैल म्हणजे 1:63,360 हे प्रमाण. या नकाशावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे सुमारे 63 मीटर, आणि एक चौरस मिलिमीटर म्हणजे जवळजवळ नेमका एक एकर. तुमची चार एकरांची पट्टी या नकाशावर काढायची म्हटली, तर ती मुगाच्या दाण्याहूनही लहान होईल. तीत बांध, नंबर आणि मालकाचे नाव कोठे बसणार?

आता कोपऱ्यातल्या आकड्याविषयी. 47 हा अक्षांश व रेखांशांच्या प्रत्येकी चार अंशांचा मोठा चौकोन आहे. तो 16 ते 20 उत्तर अक्षांश आणि 72 ते 76 पूर्व रेखांश एवढा भाग व्यापतो. त्याचे एकेक अंशाचे सोळा भाग पाडून त्यांना ए पासून पी पर्यंत इंग्रजी अक्षरे दिली आहेत, आणि प्रत्येक भागाचे पुन्हा पंधरा-पंधरा मिनिटांचे सोळा तुकडे केले आहेत. हे क्रम वरून खाली आणि मग उजवीकडच्या स्तंभात असे जातात, ओळीने आडवे नव्हेत. नवशिका हमखास चुकतो तो येथे. या हिशेबाने पुणे शहर 47 एफ/14 मध्ये आणि बारामती 47 जे/12 मध्ये येते. आपल्या अक्षांशावर असा एक तुकडा सुमारे 730 चौरस किलोमीटरचा असतो.

हा नकाशा प्रत्यक्ष कसा होत असे, हे कळले की तो वाचण्याची दृष्टी बदलते. 1802 साली लॅम्टन या इंग्रज सर्वेक्षकाने मद्रासजवळ आधाररेषा मोजून ज्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा आरंभ केला, त्याचे जाळे पुढे देशभर विणले गेले, आणि डोंगरमाथ्यांवरचे त्याचे पक्के बिंदू नकाशावर लहान त्रिकोणाच्या खुणेने दिसतात. सर्वेक्षक आपला प्लेन टेबल, म्हणजे तिकाटीवर बसवलेला चौकोनी फळा, शिवारात उभा करी, त्यावर कागद ताणून बसवी आणि दूरवरच्या तीन ज्ञात शिखरांकडे पट्टीने नेम धरून स्वतःची जागा कागदावर ठरवी. मग तेथूनच ओढा, वाट, देवळाचा कळस, वाडीची घरे यांच्याकडे नेम धरून एकेक रेषा ओढली जाई. क्लिनोमीटर या चढउताराचा कोन मोजणाऱ्या साधनाने उंची काढून समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, जागेवरच, डोळ्यांसमोर जमीन असताना काढल्या जात. म्हणूनच चांगल्या सर्वेक्षकाच्या जुन्या टोपोशीटमध्ये टेकडीची सोंड किंवा ओढ्याचे वळण असे उतरलेले असते, की गावचा गुराखी ते पाहून जागा ओळखेल. अशा रंगीत आणि समोच्च रेषांच्या नकाशांची पद्धत 1905 च्या सर्वेक्षण समितीच्या शिफारशींनंतर रुजली.

तुमच्या नकाशात एक गोष्ट जरूर पाहा. नीरा डावा कालवा निळ्या रेषेने दिसेल. 1876–77 च्या दुष्काळाच्या सुमारास हे काम हाती घेतले गेले आणि 1885 मध्ये कालवा वाहू लागला. ती निळी रेषा आणि तपकिरी समोच्च रेषा यांवरून बोट फिरवा. कालवा एका समोच्च रेषेला बिलगून चालतो, ओघळ आला की आत वळसा घेतो, सोंड आली की तिला फेरी घालून बाहेर येतो, आणि कित्येक मैल गेल्यावर मगच हळूच खालच्या रेषेकडे सरकतो. त्या एका रेषेने शिवाराचे दोन भाग केले : वरचा कोरडवाहू आणि खालचा बागायती. खालच्या बाजूचे ओढे कालव्यानंतर पाझराच्या पाण्याने वाहू लागले, आणि निचरा नसलेल्या सखल जागा पुढे खारवटल्या. कोणती जागा सखल, हे त्याच नकाशावरच्या समोच्च रेषा आजही सांगतात. शेत त्यात नसले, तरी शेताला भोवलेली किंवा लाभलेली गोष्ट त्यात आहे.

प्रश्न : भूमि अभिलेख कार्यालयातून जुन्या सर्व्हे नंबरच्या टिपणाची नक्कल घेतली. हाताने काढलेली एक वेडीवाकडी आकृती, मधून एक रेषा आणि बाजूला आकडे आहेत. आकृतीचा आकार जागेवरच्या शेताशी जुळत नाही. हे कसे वाचायचे? — एक वाचक, जुन्नर तालुका

आकार जुळणारच नाही, कारण टिपण हे प्रमाणात काढलेले चित्र नसते. मोजणीदाराने बांधावर उभे राहून अंदाजाने आकृती रेखाटायची आणि मापे मात्र अचूक लिहायची, अशी ती रीत होती. टिपणात भरवसा ठेवायचा तो आकड्यांवर. आकृतीवर मुळीच नाही.

मुंबई इलाख्यातील महसुली मोजणी 33 फुटांच्या साखळीने झाली. एका साखळीचे 16 आणे, म्हणजे एक आणा 2 फूट पाऊण इंचाचा. ही लांबी निवडण्यात मोठी सोय होती. 33 फूट लांब व 33 फूट रुंद चौकोन म्हणजे 1,089 चौरस फूट, अर्थात एक गुंठा. आणि असे 40 गुंठे म्हणजे एक एकर. लांबी साखळ्यांत घेतली की गुणाकाराचे उत्तर थेट गुंठ्यांत येते. मोजणीला शंकुसाखळीची मोजणी म्हणतात, त्यातील शंकू म्हणजे काटकोन साधण्याचे साधन. शेताच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत साखळीने सरळ रेषा मोजायची आणि त्या रेषेवरून दोन्ही बाजूंच्या कोपऱ्यांपर्यंत शंकूच्या साहाय्याने लंब टाकायचे, एवढाच त्या पद्धतीचा गाभा आहे.

उदाहरण घेऊ. समजा, मधली रेषा 10 साखळ्यांची आहे. डाव्या कोपऱ्याचा लंब 6 साखळ्या 8 आणे, उजव्याचा 5 साखळ्या 8 आणे. आठ आणे म्हणजे अर्धी साखळी, तेव्हा दोन्ही लंबांची बेरीज 12 साखळ्या. मधली रेषा गुणिले लंबांची बेरीज, भागिले दोन : 60 गुंठे, म्हणजे 1 एकर 20 गुंठे. अशाच हिशेबाची नोंद गुणाकार बुकात असते आणि तेथून ती आकारबंदात, म्हणजे नंबरवार क्षेत्र व सारा यांच्या पत्रकात, जाते. तुमच्या नकलेसोबत गुणाकार बुकाची नक्कलही मागून घ्या. टिपणावरचा पुसट आकडा 3 आहे की 8, हे पुष्कळदा गुणाकारावरून उलटे ताडून पाहता येते.

आता एक बारकावा. वरील उदाहरणात मी लंब मधल्या रेषेवर नेमके कोठे टाकले, ते सांगितलेच नाही, आणि तरीही क्षेत्र निघाले. लंब रेषेवर पुढेमागे सरकला, तरी दोन्ही त्रिकोणांचे क्षेत्र तेच राहते. बदलतो तो बांधाचा मार्ग. म्हणूनच “सातबाऱ्यावर माझे क्षेत्र पूर्ण भरते, मग हद्द चुकीची कशी?” हा बांधावरच्या भांडणात नेहमी येणारा युक्तिवाद तितकासा भक्कम नाही. लंब कोणत्या साखळीवर टाकला हे सांगणारा, रेषेलगत लिहिलेला बारीक आकडा हद्दीच्या वादात क्षेत्राच्या आकड्यापेक्षा मोलाचा ठरतो. नक्कल घेताना तो कडेला कापला गेला नाही ना, हे कार्यालयाच्या खिडकीपाशीच तपासा.

टिपण सर्व्हे नंबराचे असते. 1947 च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली ज्या गावांत गटवारी झाली, म्हणजे विखुरलेल्या जमिनी एकत्र करून नवे गट पाडले गेले, तेथे सध्याच्या गट नंबरावरून जुने टिपण सापडत नाही. आधी एकत्रीकरणाच्या 9(3), 9(4) च्या पत्रकावरून जुना नंबर काढावा लागतो.

प्रश्न : आमच्या जमिनीचा आकार (म्हणजे ठरवलेला सारा) शेजारच्या तेवढ्याच क्षेत्रापेक्षा जवळजवळ निम्मा आहे. दोन्हीकडे आज ऊसच होतो. जुन्या लोकांनी मोजणीत पक्षपात केला असेल काय? — एक वाचक, इंदापूर तालुका

असा प्रश्न इंदापुराहूनच यावा, हा योग मोठा गमतीचा आहे, कारण दख्खनच्या जमीन मोजणीचा नमुना तुमच्याच तालुक्यात घडला. पेशवाईनंतर प्रिंगल या अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्यात जी आकारणी केली, ती निव्वळ उत्पन्नाच्या पुस्तकी सिद्धान्तावर उभी होती आणि शेतकऱ्यांना ती पेलवली नाही. जमिनी पडीक पडू लागल्या. 1835 पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरात ते काम नव्याने हाती घेतले, आकार खाली आणला आणि तो 30 वर्षांसाठी कायम केला. 1847 च्या संयुक्त अहवालात या पद्धतीचे नियम पक्के झाले.

पक्षपात कोणी केलाच नसेल, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु निम्म्या आकाराचे कारण बहुधा मातीत आहे. प्रतबंदी करणारा कारकून नंबराचे नजरेने खण पाडी, प्रत्येक खणात माती खणून तिची खोली पाही आणि रंग व पोत पाहून तिची प्रत ठरवी. पावणेदोन हात किंवा त्याहून खोल, उत्तम काळी जमीन सोळा आणे, म्हणजे पूर्ण मोलाची, धरली जाई. खोली कमी होत गेली किंवा माती हलकी निघाली, की प्रत खाली उतरे. अशा नऊ प्रती होत्या. शिवाय चुनखड, रेतीचा अंश, उतार, पाणी न मुरणे, पुराचे पाणी अंगावरून जाणे असे ठरावीक दोष होते, आणि प्रत्येक दोषापायी जमीन एक प्रत खाली घसरे. खोलीचा आकडा, प्रतीचा आकडा आणि दोषाची खूण हे सारे त्या खणातच टिपलेले असे.

सर्व्हे नंबर केवढा असावा, हेसुद्धा मातीवरूनच ठरले. एका बैलजोडीने कसता येईल एवढी जमीन, हा आधार. हलकी कोरडवाहू असेल तर सुमारे 20 एकर, मध्यम असेल तर 15, काळी असेल तर 12 आणि भाताची असेल तर 4. तुमच्या गावच्या नकाशात माळाकडचे नंबर मोठे आणि नदीकाठचे लहान दिसतील, ते यामुळे. मला विचाराल तर गावचा महसुली नकाशा हा एका अर्थी मातीचाच नकाशा आहे, फक्त तो रंगवलेला नाही.

आज दोन्हीकडे ऊस होतो, कारण मधल्या काळात कालवे, उपसा योजना आल्या, गाळ भरला गेला, ताली पडल्या. आकार मात्र त्या जुन्या खड्ड्यातल्या मातीचा आहे.

प्रश्न : उजनी धरणात आमचे मूळ गाव गेले. जुन्या नकाशावर ते शोधून मोबाइलवरील नकाशाशी जुळवता येईल का? आम्ही प्रयत्न केला, तेव्हा देऊळ चुकीच्या जागी आले. — एक वाचक, सध्या पुणे

येईल, आणि देऊळ चुकण्याचे कारणही सांगता येईल. भीमेवरचे उजनी धरण 1980 साली पूर्ण झाले. त्यापूर्वीच्या पाहणीवर आधारलेल्या टोपोशीटमध्ये भीमेचे जुने पात्र, काठची गावे, मळ्यांतील विहिरी आणि नदी ओलांडण्याचे उतार तसेच्या तसे आहेत. नकाशा घेताना छपाईचे साल पाहून समाधान मानू नका. समासात पाहणीचा हंगाम वेगळा दिलेला असतो आणि तोच खरा. धरणानंतर छापलेला नकाशा जुन्या पाहणीचा असू शकतो. तुमच्या दृष्टीने तर तोच हवा.

एक इंचाची पत्रके हाती न लागल्यास, अमेरिकी सैन्याच्या नकाशा विभागाने 1950 च्या दशकात तयार केलेली 1:2,50,000 प्रमाणाची मालिका टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने इंटरनेटवर खुली ठेवली आहे. तीत वाड्या सापडतीलच असे नाही, पण नदीचे जुने वळण आणि मोठी गावे दिसतात. नावे इंग्रजी उच्चाराच्या वळणाने लिहिलेली असल्याने, आपल्या गावाचे नाव दोन-तीन प्रकारे बिघडवून पाहण्याची तयारी ठेवा.

आता चुकलेल्या देवळाविषयी. जुने भारतीय नकाशे पृथ्वीच्या ज्या गणिती आकारावर बेतलेले आहेत, तो एव्हरेस्ट या इंग्रज सर्वेक्षकाने 1830 साली ठरवला. मोबाइलचा जीपीएस जगभरासाठी ठरवलेला दुसरा आकार वापरतो. त्यामुळे जुन्या पत्रकावरून वाचलेले अक्षांश-रेखांश जसेच्या तसे मोबाइलमध्ये घातले, तर आपल्या भागात जागा शंभर मीटरांहून थोडी अधिक सरकते. पाण्यात शंभर मीटर म्हणजे काहीच नव्हे, पण गावात तेवढ्यात आळी बदलते. नकाशा जोडण्याच्या संगणक-प्रणालीत जुना एव्हरेस्ट आधार निवडता येतो, तो निवडा. ते जमत नसेल तर पाण्याबाहेर राहिलेल्या आणि दोन्ही नकाशांत असलेल्या तीन-चार खुणा धरून नकाशा बसवा : रेल्वेचा फाटा, टेकडीवरचा त्रिकोणमितीय बिंदू, जुने देऊळ. पळसदेवचे पाण्यात गेलेले जुने मंदिर जलाशय खाली गेला की उघडे पडते. त्या मोसमातली उपग्रह प्रतिमा मिळाली, तर ताळा पाहण्यासाठी याहून उत्तम खूण दुसरी नाही. टेकडीच्या पायथ्याचे रस्ते खुणा म्हणून धरू नका, धरणाच्या वेळी ते हलवले गेले असतील.

तुम्ही पाठवलेल्या नकाशाच्या छायाचित्रात गावाशेजारी एक लहान निळे वर्तुळ आहे. ती विहीर आहे. ओढ्याच्या काठी अंकापुढे इंग्रजी “आर” अक्षर दिसते, ती समुद्रसपाटीपासूनची उंची नव्हे. काठ किंवा बांध लगतच्या जमिनीपासून किती उंच अथवा खोल आहे, त्याचा तो आकडा. मी स्वतः सुरुवातीच्या काळात अशा आकड्याला उंची समजून एका ओढ्याला टेकडीच्या माथ्यावरून वाहवले होते. काळ्या रेषांचे नाले हंगामी असतात आणि निळा रंग बारमाही पाण्याला दिलेला असतो. पाहणी हिवाळा-उन्हाळ्यात होत असल्याने तुमच्या आठवणीतला पावसाळ्यातला मोठा ओढा तेथे काळी, किरकोळ रेघ म्हणून दिसेल.

प्रश्न : टोपोशीटवर आमच्या शेतातून तुटक रेषेची पाऊलवाट जाते. शेजारी त्या आधारे रस्ता मागत आहे. नकाशा पुरावा ठरेल का? — एक वाचक, संगमनेर तालुका

सर्वेक्षकाने वाट पाहिली आणि काढली. पाहणीच्या हंगामात तेथून माणसे जात होती, एवढे त्यावरून म्हणता येते. ती वहिवाटीने जात होती की मालकाच्या परवानगीने, हे विचारण्याचे त्याला कारण नव्हते. रस्त्याच्या मागणीत तहसीलदार आधी गावचा महसुली नकाशा, टिपण व फाळणी (पोटहिश्श्यांचा) नकाशा आणि प्रत्यक्ष जागा पाहतात. बांधावरून नवा रस्ता मागायचा असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम 143, आणि असलेला वहिवाटीचा रस्ता अडवला असेल तर 1906 चा मामलेदार न्यायालय कायदा, असे दोन निराळे मार्ग आहेत. अर्ज कोणत्या मार्गाने झाला आहे, हे आधी पाहा. गावनकाशात ती पाणंद असेल तर टोपोशीटने शेजाऱ्याच्या म्हणण्याला जोर येईल; तेथे नसेल तर एक इंचाच्या नकाशावरची रेषा एकटी फार चालणार नाही. कागदावर अर्धा मिलिमीटर जाड दिसणारी रेघ जमिनीवर 30 मीटर रुंद होते, तेव्हा वाट तुमच्या बांधाच्या अलीकडून होती की पलीकडून, हे त्या नकाशावरून कोणालाही सांगता येणार नाही.